हीट पंपचा सर्क्युलेशन पंप बंदच होत नाहीये, आवाज पण खूप वाढलाय

देवपूरकर (धुळे)

नमस्कार मंडळी. आमचं देवपूरला मुलींचं हॉस्टेल आहे. गच्चीवर हीट पंप (हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवणारं मशीन) बसवलेला आहे, साधारण दहा किलोवॅट हीटिंगचा, बाजूला 1000 लिटरची इन्सुलेटेड टाकी आणि मधे त्या दोन्हींत पाणी फिरवणारा अर्ध्या एचपीचा सर्क्युलेशन पंप. आधी सगळं छान चालू होतं, पंप मशीनबरोबर चालू व्हायचा आणि पाणी तापलं की बंद व्हायचा, पण दिवाळीनंतर थंडी पडायला लागली तेव्हापासून हा पंप थांबतच नाही, रात्री दोनला वर जाऊन बघा, दुपारी बघा, चालूच. आणि आवाज म्हणाल तर आधी नुसती घरघर होती, आता पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा येतो आणि तो स्लॅबमधून थेट वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत उतरतो. मुली बारावीच्या, नीटच्या आहेत, त्यांची झोप मोडते, आईवडील लांबून साक्री शिरपूरहून विश्वासाने ठेवून जातात त्यामुळे मला हे मनापासून लागतंय.

प्लंबर म्हणतो पंप गेला, नवीन टाका. ज्यांनी मशीन बसवलं ते फोनवर म्हणतात थंडीत असंच चालतं. नवीन पंप घ्यायला ना नाही पण खरंच पंप खराब आहे का आधी ते कळायला पाहिजे. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

दादा, थोडी माहिती अजून टाका म्हणजे नेमकं सांगता येईल. तुमच्याकडे पंप एकच आहे का रिटर्न लाइनला, म्हणजे बिल्डिंगमधून फिरलेलं पाणी टाकीत परत आणणाऱ्या पाइपाला, वेगळा दुसरा पण आहे? पंप चालू असताना कंप्रेसर आणि वरचा फॅन पण सतत चालू असतो का मधे मधे बंद पडतो? डिस्प्लेवर टाकीचं तापमान किती दिसतं आणि सेटिंग कितीवर आहे? आणि पाणी बोअरचं का नळाचं?

देवपूरकर

पंप दोन आहेत, रिटर्न लाइनचा छोटा आहे तो पण दिवसभर चालू असतो पण त्याचा आवाज नाही. त्रास मशीन आणि टाकीच्या मधल्या पंपाचा आहे. कंप्रेसर मधे मधे बंद होतो, थोड्या वेळाने परत सुरू होतो, पंप मात्र चालूच राहतो. सेटिंग 55 आहे, डिस्प्लेवर रात्री 40-41 च्या पुढे आकडा जातच नाही. पाणी बोअरचं आहे, बादलीला पांढरा थर बसतो. आणि एक गोष्ट, सकाळी आंघोळी जोरात चालू असतात तेव्हा आवाज बराच कमी होतो, रात्री सगळ्यात जास्त. मुलींची तक्रार अशी की पाणी खूप कडक येतं, नुसतं गरम सोडलं तर हात लावता येत नाही.

तापीथडीचा मिस्त्री (जळगाव)

देवपूरकर दादा, तुमची शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. डिस्प्ले 41 दाखवतोय आणि नळाला हात लावता येत नाही, या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत. 41 अंशाचं पाणी आंघोळीला बरोब्बर लागतं, ते भाजत नाही. म्हणजे टाकीतलं पाणी खूप तापलेलं आहे आणि सेन्सर मशीनला खोटं सांगतोय. त्यामुळे पहिलं काम आत्ताच्या आत्ता करा, मुलींना सांगा की आधी थंड पाणी बादलीत घ्या मग गरम सोडा, आणि रात्री मशीन एमसीबीवरून बंद ठेवा. 60 अंशाचं पाणी काही सेकंदात कातडी भाजतं, बाकीचं नंतर.

आता कारण. टाकीच्या अंगाला एक बारीक पितळी किंवा स्टीलची नळी आत गेलेली असते, तिला आम्ही सेन्सर पॉकेट म्हणतो. त्यात पेन्सिलीएवढा सेन्सर खुपसलेला असतो. तो पॉकेटमधून थोडा जरी बाहेर सरकला तर पाण्याऐवजी अर्धं पाण्याचं अर्धं बाहेरच्या हवेचं तापमान वाचतो. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवर 44-45 ला हवाच तापलेली असते म्हणून चूक लक्षात येत नाही, थंडी पडली की फरक उघडा पडतो. तुमचा त्रास दिवाळीनंतर सुरू झाला याचं कारण हेच असणार असं मला वाटतं. मशीनला वाटतं पाणी अजून 41 लाच आहे, 55 व्हायचंय, म्हणून ते पंपाला बंद होऊच देत नाही. कंप्रेसर मधे मधे थांबतो तो पाणी तापलं म्हणून नाही, मशीनच्या स्वतःच्या आउटलेटला वेगळा सेन्सर असतो आणि बाहेर पडणारं पाणी त्याच्या कमाल मर्यादेला टेकलं की तो कंप्रेसर थांबवतो, थोडं निवलं की परत सोडतो. पंप बिचारा हुकमाचा ताबेदार, त्याला बंद व्हायचा सिग्नलच मिळत नाही.

हिशोब करून बघा म्हणजे खात्री पटेल. 1000 लिटर पाणी 20 वरून 55 ला न्यायला साधारण 41 युनिटएवढी उष्णता लागते, दहा किलोवॅटचं मशीन ती चार तासात देतं, कडक थंडीत कपॅसिटी कमी होते तर पाच तास धरा. रात्री नऊनंतर पाण्याला कुणी हात लावत नाही तर एकपर्यंत किंवा फार तर दोनपर्यंत मशीन शांत व्हायलाच पाहिजे. थंडीत असंच चालतं हे उत्तर मला मान्य नाही. काही मशिनीत बाहेरचं तापमान फार खाली गेलं की पाइपात पाणी गोठू नये म्हणून पंप आपोआप फिरतो हे खरं, तो आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, पण धुळ्यात दुपारी दोन वाजता ते कारण चालणार नाही.

आता आवाज. खडे हलवल्यासारखा आवाज म्हणजे बहुतेक कॅव्हिटेशन. पाणी जेवढं गरम तेवढं ते पंपाच्या तोंडाशी वाफ व्हायला लवकर तयार होतं, 60 अंशाला पाण्याचा बाष्पदाब हवेच्या दाबाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढा असतो. त्यात पंपाच्या सक्शनला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूला, अडथळा आला, म्हणजे गाळणी चोंदली किंवा व्हॉल्व अर्धा बंद राहिला, की पंप ओढतो पण पाणी पुरत नाही, आत बारीक बुडबुडे होतात आणि इंपेलरवर, म्हणजे पंपाच्या आतल्या फिरत्या चाकावर, जाऊन फुटतात. खडखड तीच. तुमची सकाळची गोष्ट याला जुळते, आंघोळी चालू असल्या की टाकीत खालून थंड पाणी शिरतं, पंपाला थंड पाणी मिळतं, आवाज कमी. रात्री टाकी पूर्ण तापलेली, आवाज जास्त. बेअरिंग गेलं असतं तर त्याला पाणी गरम का थंड याच्याशी घेणंदेणं नसतं, ते सकाळी पण तेवढंच ओरडलं असतं.

म्हणून माझं मत असं की दोन तक्रारी दिसत असल्या तरी मूळ एकच आहे. सेन्सर सरकला म्हणून पाणी जास्त तापलं, बोअरच्या जड पाण्यातला चुना जास्त गरम पाण्यात जास्त सुटतो, तो येऊन वाय स्ट्रेनरमध्ये, म्हणजे पंपाआधीच्या गाळणीत, बसला, स्ट्रेनर चोंदला म्हणून पंप ओरडायला लागला. नवा पंप टाकला तर तो पण याच टाकीतलं पाणी याच स्ट्रेनरमधून ओढणार.

करायचं असं. मशीन आणि पंप दोन्हीचे एमसीबी पाडा, पाणी निवू द्या, पंपाच्या दोन्ही बाजूचे बॉल व्हॉल्व बंद करा, मग स्ट्रेनरचं बूच खोलून जाळी काढा. खाली बादली ठेवा. जाळी उजेडाला धरून बघा, आरपार दिसत नसेल तर काम तिथेच आहे. परत बसवल्यावर दोन्ही व्हॉल्व पूर्ण उघडा, अर्धे ठेवायची सवय असते लोकांना. आणि वर सगळ्यात उंच जागी एअर व्हेंट आहे का बघा, लाइन उघडली की हवा शिरते, ती काढल्याशिवाय पंप चालू करून आवाज आहे का नाही हे ठरवू नका.

चालू झाल्यावर मशीनच्या इनलेट आणि आउटलेट पाइपाचं तापमान मोजा, पाइपवर सेन्सर टेपने चिकटवून वर कापड गुंडाळलं तरी चालतं. फरक पाच अंशाच्या आसपास असला तर दहा किलोवॅटला मिनिटाला 29 लिटर पाणी फिरतंय, ठीक आहे. फरक दहा-बारा असला तर पाणी कमी फिरतंय, अजून कुठेतरी अडथळा किंवा हवा आहे. फरक एक-दोनच असला आणि कंप्रेसर चालू असला तर पंप गरजेपेक्षा मोठा आहे, पाणी उगाच पळतंय.

वायरमन नाना (भुसावळ)

मिस्त्रींनी पाण्याची बाजू चांगली सांगितली, मी वायरिंगची सांगतो भो, कारण पंप थांबत नाही म्हटलं की लोक सेन्सरच्या मागे लागतात आणि पॅनलकडे कुणी बघत नाही.

आधी पॅनलवरचा सिलेक्टर स्विच बघा, ऑटो-मॅन्युअलवाला. कधीतरी लाइट गेल्यावर कुणीतरी मशीन चालू होत नाही म्हणून मॅन्युअलवर टाकतो आणि परत ऑटोवर आणायचं राहून जातं, असं मी खूप ठिकाणी बघितलंय. मॅन्युअलवर पंप कुणाचंच ऐकत नाही, चालतच राहतो.

तो ऑटोवर असेल तर पंपाचा कॉन्टॅक्टर बघा, म्हणजे कंट्रोलरच्या हुकमावर पंपाची लाइट चालू-बंद करणारा स्विच. डिस्प्लेवरून मशीन बंद करा आणि पंप तरीही चालू राहतो का बघा. राहिला तर इलेक्ट्रिशियनला कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या ए-वन ए-टू टर्मिनलवर मीटर लावायला सांगा. कॉइलला व्होल्टेज नाही आणि पंप चालूच आहे म्हणजे कॉन्टॅक्ट चिकटलेत, कॉन्टॅक्टर बदला, घासून परत वापरू नका. कॉइलला व्होल्टेज आहे म्हणजे कंट्रोलरच चालवतोय, मग मिस्त्रींचं म्हणणं खरं.

सेन्सर घरच्या घरी तपासता येतो. बऱ्याच मशिनीत 10 किलोओहमचा एनटीसी (तापला की रेझिस्टन्स कमी होणारा सेन्सर) असतो, म्हणजे 25 अंशाला 10 किलोओहम, 50 अंशाच्या पाण्यात बुडवला की साडेतीन-पावणेचारपर्यंत उतरतो. कंट्रोलरपासून कनेक्टर सोडवून मगच मीटर लावा. काही कंपन्या 5 किलोओहमचा पण देतात, मॅन्युअल बघून घ्या. सेन्सर चांगला निघाला तर फक्त नीट बसवायचं काम.

आवाजात अजून एक भानगड असते, व्होल्टेज. आमच्याकडे संध्याकाळी 180 पर्यंत उतरतं तेव्हा सिंगल फेज मोटर हूं हूं करते, तापते, जोर लावत नाही. कॅपॅसिटर म्हातारा झाला की पण तसंच. पण तो आवाज खडखडीचा नसतो, एकसुरी गुणगुण असते. मोठा स्क्रूड्रायव्हर घ्या, टोक मोटरच्या बेअरिंगच्या जागी टेकवा आणि मूठ कानाला लावा, मग टोक पंपाच्या केसिंगवर टेकवा, आवाज नेमका कुठून येतो ते लगेच कळतं. फिरत्या पंख्यापासून हात आणि कपडे लांब ठेवा. कॅपॅसिटरला हात लावायच्या आधी तो डिस्चार्ज करा, एमसीबी पाडला तरी त्यात करंट राहतो.

केळीवाला (रावेर)

आमच्या पाहुण्यांच्या लॉजवर असंच झालं होतं, त्यांनी सेटिंग 42 करून टाकलं, पंप लवकर बंद व्हायला लागला, आवाज पण गेला. सोपं काम. तुम्ही पण तेच करा ना दादा.

तापीथडीचा मिस्त्री

केळीवाले भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे पण हॉस्टेलला हे करू नका. साठवलेलं पाणी कोमट ठेवलं तर त्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात, 20 ते 45 अंश ही त्यांची आवडती रेंज, आणि शॉवरच्या तुषारातून ते फुप्फुसात जातात, न्यूमोनिया होतो. इतक्या मुली एकाच टाकीचं पाणी वापरतात तिथे तर अजिबात नाही. टाकी 55 ला ठेवा, आठवड्यातून एकदा 60 च्या वर नेऊन ठेवा, टाकीत बॅकअप हीटर असतो तो याच कामाचा, आणि ते रात्री करा, कुणी नळ सोडणार नाही अशा वेळी. नळाला कोमट पाणी पाहिजे असेल तर मिक्सिंग व्हॉल्व लावा. आणि सेन्सर चुकीचा वाचत असताना सेटिंग कमी केली तर खरं तापमान किती आहे हे कुणालाच कळत नाही, ते जास्त धोक्याचं.

देवपूरकर

मंडळी, सगळ्यांचे आभार, सगळं करून बघितलं.

सिलेक्टर ऑटोवरच होता. डिस्प्लेवरून बंद केलं की पंप बंद होतो, म्हणजे कॉन्टॅक्टर ठीक. मग टाकीजवळ गेलो तर सेन्सरची वायर ज्या प्लास्टिक टायने पाइपला बांधली होती तो टाय उन्हाने कडक होऊन तुटलेला, वायर लोंबकळत होती आणि तिच्या वजनाने सेन्सर पॉकेटमधून चार बोटं बाहेर आलेला. पॉकेटमध्ये पेस्ट वगैरे काही नव्हती, तळाला थोडी माती आणि कोळ्याचं जाळं. नळाचं पाणी स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने मोजलं तर 63 भरलं आणि डिस्प्लेवर त्याच वेळी 40. बघून पोटात गोळा आला. मुलींना लगेच सांगितलं आणि सगळ्या बाथरूमच्या दारावर कागद लावला.

सेन्सर पूर्ण आत सारला, थर्मल पेस्ट भरली, तोंड पुटीने बंद केलं आणि वायर स्टीलच्या क्लॅम्पने बांधली. सेन्सर आत जाताच आकडा चढायला लागला, थोड्याच वेळात साठच्या वर गेला आणि पंप आपोआप बंद. गच्चीवर एकदम शांत.

स्ट्रेनर खोलला तर जाळी दिसतच नव्हती, पांढरट पापुद्रे आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे, नुसता लगदा. ब्रशने साफ केली. आता पंप चालतो तेव्हा खडखड जवळपास गेली, पण सुरू झाल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं गुडगुड असा आवाज येतो मग कमी होतो. इनलेट आउटलेटचा फरक सात अंश येतोय. आणि स्लॅबमधून थरथर अजून थोडी उतरते. याचं काय करू?

तापीथडीचा मिस्त्री

वा दादा, छान काम केलं. गुडगुड ही हवा आहे. दर वेळी सुरू झाल्यावर येते म्हणजे पंप बंद असताना कुठून तरी हवा आत येतेय किंवा चालू असताना सक्शनच्या एखाद्या जोडातून ओढली जातेय. असा जोड बाहेर थेंब टाकत नाही म्हणून सापडत नाही. तुम्ही खोललेल्या स्ट्रेनरच्या बुचाचं वॉशर आधी बघा, नंतर पंपाच्या सक्शनचं युनियन, म्हणजे पाइप खोलता येणारा जोड. पंप चालू असताना जोडावर साबणाचा जाड फेस लावा, फेस आत ओढला गेला की जागा सापडली. युनियनमधला रबर ओ-रिंग गरम पाण्याने कडक होतो, तो बदला, वरून अजून टेप गुंडाळू नका, तेच तुकडे तुमच्या जाळीत आले होते.

सात अंश फरक म्हणजे मिनिटाला वीस-एकवीस लिटर. हवा गेली की फ्लो वाढून फरक खाली येईल. नाही आला तर मशीनच्या आतल्या एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे जिथे पाणी तापतं त्या भागात, चुना बसलाय, डिस्केलिंग करावं लागेल. ते सायट्रिक अ‍ॅसिडने करतात. बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड कुणी आणलं तर हात लावू देऊ नका, ते हायड्रोक्लोरिक असतं आणि स्टीलचा एक्स्चेंजर खाऊन टाकतं, मग मशीनच जातं. आपल्या भागात बोअरचं पाणी जड असतं त्यामुळे टाकीत नवीन पाणी आणणाऱ्या मेकअप लाइनला सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) लावला तर पुढचा बराच त्रास वाचेल.

थरथरीसाठी पंप स्लॅबला डायरेक्ट बोल्ट केलाय का बघा. सोडवून खाली जाड रबरी पॅड टाका, बोल्टला पण रबरी बुश, आणि पंपाच्या दोन्ही बाजूला गरम पाण्याचा फ्लेक्सिबल होज जोडा. नुसतं पॅड टाकून पाइप घट्ट ठेवला तर थरथर पाइपातून भिंतीत जाते, म्हणून भिंतीतल्या क्लॅम्पखाली पण रबराची पट्टी घाला.

शहादेकर ताई (शहादा)

दादा, मी पण मुलींच्या हॉस्टेलचं बघते म्हणून लिहिते. तुमचा रिटर्न लाइनचा पंप दिवसभर चालू असतो असं तुम्ही वर लिहिलं, त्याचा आवाज नाही म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण तो टाकीतलं गरम पाणी अख्ख्या बिल्डिंगमधून फिरवून थंड करून परत टाकीत आणून सोडतो, मग ते परत तापवायला मशीन परत सुरू. आमच्याकडे तो टायमरवर टाकला, पहाटे साडेचार ते आठ आणि संध्याकाळी थोडा वेळ, आणि रिटर्न पाइपला थर्मोस्टॅट लावला, पाणी 45 ला आलं की पंप थांबतो. मुलींना नळ सोडला की गरम पाणी लगेच मिळतं आणि बाकी वेळ सगळं बंद. पाइपवर इन्सुलेशन आहे ना? गच्चीवरचं इन्सुलेशन उन्हाने फाटतं, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा गुंडाळून घ्या.

वायरमन नाना

ताईंचं बरोबर आहे. आणि विजेचा हिशोब पण करा, अर्ध्या एचपीची मोटर 370 वॅट शाफ्टला देते, ओढते त्यापेक्षा जास्तच, तरी 370 च धरले तर चोवीस तासाला जवळजवळ नऊ युनिट, महिन्याला 265 च्या वर, ते पण नुसत्या पंपाचे. सहा तास चालला तर महिन्याला 65-70. टायमर लावताना बॅटरी बॅकअपवाला घ्या, आपल्याकडे लाइट गेली की साध्या टायमरचं घड्याळ मागे पडतं आणि पहाटेऐवजी उन्हात पंप चालतो.

देवपूरकर

फेस लावून बघितला, पंपाच्या सक्शनच्या युनियनला ओढला जात होता, ओ-रिंग बोटाने दाबला तर तुटलाच. नवीन टाकला, वरच्या व्हेंटमधून हवा काढली, गुडगुड बंद आणि फरक आता पाच-साडेपाच येतोय. पॅड आणि होज उद्या मार्केटमधून आणतो. ताई, इन्सुलेशन दोन ठिकाणी उघडं पडलंय, ते पण करून घेतो, आणि रिटर्नच्या थर्मोस्टॅटचा सेन्सर पाइपच्या वर लावायचा का खाली, आणि टाकीच्या किती जवळ?

शहादेकर ताई

टाकीत शिरायच्या आधी, शेवटच्या बाथरूमच्या नंतर कुठेही चालेल, पण टाकीला अगदी चिकटून नको, टाकीची ऊब पाइपातून येते आणि तो आधीच बंद होतो. हातभर अंतर ठेवा. आडव्या पाइपला बाजूने लावा, वर हवा साचते आणि खाली गाळ. धातूच्या तुकड्यावर लावला तर बरं, सीपीव्हीसीच्या प्लास्टिक पाइपवर तो उशिरा वाचतो. वरून इन्सुलेशन गुंडाळा आणि वायरला स्टीलचा क्लॅम्पच लावा.